रडणाऱ्याकडे पाहू नये

दिवाळीचे पाहुणे आपापल्या गावी परतले, की आठ-दहा दिवसांत कौसाबाई माझ्या फोनवर रडायला लागते. दर वर्षीचंच आहे हे. यंदा ती पहिल्यांदा आली पुण्याच्या माझ्या चुलत बहिणीकडून, सकाळी सव्वासातला, मी चहाचं आधण ठेवत होते तेव्हा. सोबत रडक्या चेहऱ्यांची रांग आणि जोडलेले हात. खाली मजकूर: ‘कापसानं कुंकू पुसलं. विदर्भाच्या या माउलीचा टाहो ऐकून ज्याच्या डोळ्यांत पाणी येणार नाही, तो माणूसच नाही.’ गेल्या वर्षी मागे व्हायोलिन होतं, यंदा बासरी लावली आहे. दहा वाजेपर्यंत तोच व्हिडिओ आणखी चौघांनी पाठवला. त्यातल्या एकीनं पाठोपाठ तिनं केलेल्या अळूवड्यांचा फोटोही टाकला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. संताप आला, आणि तो दर वर्षी नव्यानं येतो, शिळा होत नाही.

व्हिडिओ जेमतेम दीड मिनिटाचा आहे. रस्त्याच्या कडेला एक बाई दुसऱ्या बाईच्या गळ्यात पडून रडते आहे. दुसरीचा फक्त खांदा दिसतो. रडणारीचा चेहरा पडदाभर आहे: उघडं तोंड, ओले गाल, कपाळावर घसरलेला पदर. तिचे शब्द ऐकू येत नाहीत, ते पुसून त्या जागी वाद्य आणि एका पुरुषाचा जड आवाज घातला आहे. हिचा नवरा गेला, असं तो आवाज सांगतो. आता उजव्या कोपऱ्यात पाहा. कुणीच पाहत नाही, पण तुम्ही पाहा. तिथे धोतर-टोपीतला एक माणूस पाठमोरा उभा आहे, हातात कापडी पिशवी. तो शेषराव, कौसाबाईचा नवरा. ज्याच्या मरणावर सगळा महाराष्ट्र हळहळतो आहे, तो तिच्यापासून पाच पावलांवर, लेकीच्या करंज्यांची पिशवी सांभाळत एसटीची वाट पाहतो आहे.

एका वर्षी न राहवून मी बहिणीला हे सगळं लिहून कळवलं. नवरा जिवंत आहे, तो बघ कोपऱ्यात उभा आहे, ही बाई सासरी निघालेल्या लेकीला निरोप देते आहे. तिचं उत्तर आलं, ‘असेल गं. पण भावना पोचल्या ना!’ कुणाच्या भावना कुणाला पोचल्या, हे विचारायची सोय नव्हती. तोवर ती दुसऱ्या व्हिडिओवर गेली होती, त्यात एक कुत्रा मालकाच्या चपलांपाशी बसून होता.

यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलं, की बोरी अरबच्या अलीकडे एक फाटा आहे. फाट्यावर एक चिंच, एक पानटपरी आणि पत्र्याचा निवारा. तिथून दीड-दोन किलोमीटर आत ते गाव, आणि गावात माझी शाळा. मी यवतमाळची. वडील कचेरीत, काका कचेरीत, दोन्ही भाऊ कचेरीत. आमच्या घरात कुणी मेलं तरी रडायला मागच्या खोलीत जायचं, दार लोटून घ्यायचं, आणि तोंड धुऊन बाहेर यायचं. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या वर्षी दिवाळीनंतर फाट्यावर जे पाहिलं, त्यानं मी थक्क झाले, आणि खरं सांगायचं तर मला हसू आलं.

ते दिवस कापूस फुटण्याचे. एसटीच्या खिडकीतून पाहिलं, की दोन्ही बाजूंनी रान पांढरं. वाटेतल्या बाभळींना गाड्यांवरून उडालेला कापूस अडकलेला. सकाळी चांगलाच गारवा, आणि नऊ वाजले की ऊन पाठीवर बसायचं. चुलींमध्ये गेल्या सालच्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जळत असायच्या, त्या धुराचा वास वर्गात मुलांच्या कपड्यांना यायचा. वेचणीला जाणाऱ्या बायांच्या बोटांना बोंडांची वाळकी टोकं लागून चिरा पडलेल्या असायच्या. माझ्या हातातला खडू पाहून त्या म्हणायच्या, “बाईचे हात पाहा वं कसे कापसावानी हायेत.” त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

याच दिवसांत दिवाळीला माहेरी आलेल्या लेकी सासरी परतायच्या. लेकीला फाट्यापर्यंत पोचवायला घरच्याच नव्हे, आळीतल्याही बाया येत. एसटी लांबवर दिसली, की माय लेकीच्या गळ्यात पडे आणि रडायला सुरुवात करी. नुसतं मुसमुसणं नव्हे, शब्दांचं रडणं, चालीवरचं. “माय वं मायऽ, कवा येशीन वं माहे मंगले, तुह्या बापाले ठेचा वाटून कोन देईन वं, तुह्या गाईले हाक कोन मारीन वं...” मग मावशी, मग चुलती, मग शेजारीण. एसटी थांबली, की रडणं थांबे. पदरानं नाक पुसायचं, आणि लगेच नेहमीच्या आवाजात: “पोचली का फोन करजो दुकानात. डबा उलटा नको ठेवजो, तेल सांडीन.” बस गेल्यावर त्याच बाया हसत-बोलत गावाकडे वळायच्या. मला ते नाटकी वाटलं होतं. यवतमाळला घरी मी त्याची नक्कल करून दाखवली होती, आणि आई-वडील पोट धरून हसले होते.

त्यातला एक नियम मात्र मला फार उशिरा दिसला. त्या बाया रडणाऱ्या मायलेकींभोवती कोंडाळं करून उभ्या राहत, पण त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला असत. पुरुष तर त्याहून लांब, पाठ करून, रस्त्याकडे बघत. टपरीवाला मान खाली घालून पानं पुसत बसे. एसटीचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून समोरच्या काचेतून बघत राही, आणि कंडक्टर उगाच तिकिटांचा गठ्ठा नीट करी. रडणाऱ्याकडे कुणी पाहत नसे. मी टक लावून पाहायचे, म्हणून एकदा कौसाबाईनंच मला हटकलं. ती शाळेत खिचडी शिजवायची, तेव्हा तिच्याशी रोजचं बोलणं होतं.

“बाई, तुमी काहून पाहून राह्यल्या होत्या तिकडे?”

“का? काय झालं?”

“रडनाऱ्याकडे नसते पाहात. पाह्यलं का मग तो मानूस पाहनाऱ्यासाठी रडते. लेकीसाठी रडनं राहून जाते.”

मी वहीत नोंद करून ठेवली, ग्रामीण समजुती म्हणून. शिकलेल्या माणसाला प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी वहीत टाकायची असते.

मग ती वर्षं आली. कापूस पिकेना, पिकला तर विकला जाईना, आणि आमचा जिल्हा एकाएकी प्रसिद्ध झाला. जिथे तालुक्याचा साहेब वर्षातून एकदा फिरकत नव्हता, तिथे छत्री लावलेल्या वाहिन्यांच्या गाड्या येऊ लागल्या. गावात एक मरण झालं होतं. विमलचा नवरा, तिशीच्या आतला. विमल कौसाबाईच्या घरापासून तीन घरं सोडून राहायची, पदरात दोन लेकरं. तिच्याकडे जो येई त्याला दोनच गोष्टी हव्या असत, एक फोटो आणि डोळ्यांतलं पाणी. फोटो ती देई.

चित्रपट करणारी मंडळी आली ती दिवाळीनंतरच्या अशाच आठवड्यात. चौघं होते. त्यांचा म्होरक्या मृदू बोलणारा, म्हाताऱ्यांच्या पाया पडणारा, भाकरी मागून खाणारा. तो दुष्ट असता तर मला आज लिहायला सोपं गेलं असतं. त्याला गावातलं कुणीतरी बरोबर हवं होतं, आणि गावात इंग्रजी जाणणारी मी एकटी. तो मला मॅडम म्हणायचा, माझं मत विचारायचा. पंधरा वर्षं मुलांना बाराखडी शिकवल्यावर कुणी मत विचारलं, की माणूस कसा फुगतो ते मला माहीत आहे.

विमलकडे मीच त्यांना नेलं. ती कंबरेला वेचणीची ओटी बांधून निघायच्या तयारीत होती.

“लवकर इचारा,” ती म्हणाली. “ऊन चढलं का पानाचा चुरा चिकटते कापसाले.”

त्यानं विचारलं, नवऱ्याची आठवण आली की काय वाटतं?

विमलनं ओटीची गाठ आवळली. मग म्हणाली, “काय वाटीन? वाटते.” आणि माझ्याकडे वळून, “आता जाऊ मी?”

ती गेली. त्यानं कॅमेरा बंद करायला सांगितलं. चालताना मला हळूच म्हणाला, “मॅडम, या ताई फार कोरड्या बोलतात. लोकांपर्यंत पोचणार नाही.” मला ते पटलं. मी मान हलवल्याचं मला लख्ख आठवतं.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईची लेक मंगला निघाली होती. मंगला उमरखेडच्या बाजूला दिलेली, लांबचा पल्ला. ही मंडळी परतायला म्हणून फाट्यावर गाडीत सामान चढवत होती, आणि तेवढ्यात रडणं सुरू झालं. म्होरक्या थबकला. “हे काय आहे?” त्यानं विचारलं. मी सांगितलं, लेक सासरी जाते आहे. नीट, स्पष्ट सांगितलं, हे मी शपथेवर सांगेन. त्याचे डोळे भरून आले. खरोखर भरून आले. कॅमेरेवाला धावला, पण बायांचं कोंडाळं मध्ये. तो डावीकडून गेला, उजवीकडून गेला, त्याला फक्त पाठी आणि अंबाडे दिसत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मी पुढे झाले आणि दोन बायांच्या खांद्यांना हात लावून म्हटलं, “जरा सरका.”

त्या सरकल्या. मी त्यांच्या मुलांची बाई होते, म्हणून सरकल्या. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यानं त्या जागच्या हलल्या नसत्या. त्या फटीतून जे दिसलं, तेच दर वर्षी तुमच्या फोनवर येतं.

पुढच्या उन्हाळ्यात मला पुण्याला बोलावलं. सभागृहात पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, नारळ. अंधार झाला, पांढरं रान दिसलं, बैलगाडी दिसली, आणि मग कौसाबाईचा चेहरा आला. आवाज म्हणाला, हिचा नवरा गेला. मला वाटलं चूक झाली आहे, आता दुरुस्त करतील. मग वाद्य सुरू झालं. मी पिशवीतून रुमाल काढला आणि रडले.

पुन्हा सांगते, कारण हे सांगायलाच मी लिहायला बसले आहे. ती बाई कशासाठी रडते आहे ते मला माहीत होतं. कोपऱ्यातला शेषराव मला दिसत होता. निघायच्या आदल्याच आठवड्यात त्याच्या हातचा चहा मी प्यायले होते. आणि तरी मी हुंदके देऊन रडले. शेजारच्या अनोळखी बाईनं माझा हात हातात घेतला, आम्ही दोघी रडलो, आणि फार छान वाटलं. आपण किती चांगल्या आहोत असं वाटलं. दिवे लागल्यावर मंचावरून कुणीतरी मला विचारलं, “मॅडम, या ताई आता कशा आहेत?” बोलायची तीच वेळ होती. मी म्हणाले, “बऱ्या आहेत.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

म्हणून मला कुणी सांगू नये, की रडू आलं म्हणजे काळजाला भिडलं. डोळ्यांतून पाणी काढणं फार सोपं आहे, कांद्यालाही जमतं. त्या सभागृहातल्या कितीजणांना आमचं गाव नकाशावर दाखवता आलं असतं? पण बाहेर पडताना सगळ्यांचे चेहरे कसे धुतल्यासारखे निर्मळ. बाहेर वडापावची गाडी होती, तिथे गर्दी झाली. मीही खाल्ला.

काही महिन्यांनी एक मोठी गाडी गावात आली. एका शहरातल्या मंडळाच्या चार बायका आणि एक गृहस्थ. गाडीच्या टपावर नवंकोरं शिलाई मशीन दोरीनं बांधलेलं. सीडीवर चित्रपट पाहून त्या कौसाबाईला शोधत आल्या होत्या. मला शाळेत बोलावणं आलं, म्हणून मी धावत गेले. शेषराव दारात उभा.

“या, बसा. कोन पायजे?” त्यानं विचारलं.

गृहस्थांनी आवाज खाली आणला. “ज्या ताईंचे मिस्टर गेले, त्या इथेच राहतात ना?”

“मिस्टर म्हंजे मीच,” शेषराव म्हणाला. “कुठी गेलो नाई. इथीच हावो. कौसे, पानी आन वं.”

कौसाबाई तांब्या घेऊन बाहेर आली, कपाळभर कुंकू, हातभर बांगड्या. त्या बायका तिच्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, आता त्या हसतील, बरं झालं म्हणतील. माणूस जिवंत निघाला, याहून चांगली बातमी काय असते? पण त्यांचे चेहरे आक्रसत गेले. रेशमी साडीतली एक माझ्याकडे वळून म्हणाली, “म्हणजे आम्ही रडलो ते उगाचच?”

फसवणूक झाली, असं त्यांचं म्हणणं पडलं. चित्रपट करणाऱ्यानं फसवलं असं नाही, गावानं फसवलं. खेड्यातले लोक हल्ली फार हुशार झालेत, असंही एकजण कुजबुजली. मी म्हटलं, तीन घरं सोडून विमल आहे, तिचा नवरा खरंच गेला, तिला भेटा. त्या नाखुशीनं चालत आल्या. विमल तेवढ्यात रानातून परतत होती. केसांत कापूस, आणि बरोबरच्या बाईशी कशावरून तरी खळखळून हसत होती. रेशमी साडी थांबली. “ही तर काही दुःखी वाटत नाही,” ती म्हणाली. मशीन टपावरून उतरलंच नाही. आलं तसं धूळ उडवत परत गेलं.

“काय होतं वं बाई त्या गाडीवर?” विमलनं विचारलं.

“शिलाई मशीन.”

“मले येते शिवता,” ती म्हणाली, आणि घागर घेऊन पाण्याला गेली.

शेषरावनं ती गोष्ट गावभर रंगवून सांगितली. स्वतःच्या मरणाची गंमत त्याला बरेच दिवस पुरली. कौसाबाई मात्र हसली नाही. खिचडीचं पातेलं घासता घासता एकदा तिनं मला विचारलं, तिकडे पुण्यात लोकांनी शेषरावला मेलेलाच समजलं का? मी हो म्हटलं.

“माह्या रडन्यानं?”

मी तिला समजावलं. कॅमेरा, आवाज, जोडकाम, सगळं सांगितलं. तिला त्यातलं काही नको होतं. तिचा हिशेब सरळ होता. “मी लेकीसाठी रडली. तितल्या लोकायनं पाह्यलं. त्यायनं माहा जिता मानूस मारून टाकला. आता मी कोनासाठी रडू, अन् कोनाले मारू?” ती दर अमावास्येला शेषरावची दृष्ट काढू लागली. मला ती एकदाही वाईट बोलली नाही. फक्त एवढंच म्हणाली, “तुमी सरका म्हनलं म्हून आमी सरकलो, बाई.”

पुढच्या दिवाळीनंतर मंगला निघाली, तेव्हा फाट्यावर बाया जमल्या, कोंडाळं झालं, एसटी चिंचेच्या वळणावर दिसली. कौसाबाई उभी राहिली. नुसती उभी. मंगला तिच्या गळ्यात पडली, आणि कौसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, कोरडीठाक. बायांना काय करावं कळेना. एकीनं सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडली. मंगला बसमध्ये चढली, खिडकीतून म्हणाली, “माय, तुले काहीच नाई वाटलं?” कौसाबाईनं तेलाचा डबा सरळ ठेवायला सांगितलं.

आमच्याकडे न रडता पाठवलेली लेक म्हणजे घालवून दिलेली लेक. उमरखेडला ती गोष्ट तिच्याआधी पोचली असणार. सासूनं बोलून दाखवलं, की तुझ्या मायला तू जड झालीस. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. त्यानंतर दोन दिवाळ्या मंगला आलीच नाही. मग येऊ लागली, पण पाहुण्यासारखी. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणाला न सांगता, एकटी फाट्यावर जाऊन उभी राहायची. मायलेकींमध्ये भांडण कधीच झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं.

आणि तिकडे फोन आले, मोठे झाले, स्वस्त झाले. चित्रपट कुणाच्या लक्षात राहिला नाही. तेवढं दीड मिनिट मात्र कुणीतरी कापून वेगळं काढलं, आणि तेव्हापासून कौसाबाई कापसाच्या हंगामात दर वर्षी रडते. कुणी तिला मराठवाड्यातली म्हणतं, कुणी आणखी कुठली. एकदा तर ती सीमेवर गेलेल्या जवानाची आई झाली होती. जिनं रडणं सोडून वर्षं झाली, ती लोकांच्या खिशाखिशात रडते आहे.

शेषराव गेल्या मार्चमध्ये गेला. म्हातारा झाला होता, तापानं आठ दिवसांत संपला. मी पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. लांबच्या शहरातल्या नातेवाइकांना दिसावं म्हणून एका पुतण्यानं फोन उंच धरला होता, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. कौसाबाई भिंतीला टेकून बसली होती. लोक वाट पाहत होते. तिनं एकदा त्या फोनांकडे पाहिलं, आणि पदर तोंडावर ओढून घेतला. आतून आवाज आला नाही. माझ्या मागे एक बाई दुसरीला म्हणाली, “त्या व्हिडिओत तं कशी रडली होती वं!” मी वळून त्या बाईला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आपल्या माणसासाठी रडायची तिची वेळ आली, तेव्हा अंगणातली सगळी तोंडं तिच्याकडे होती.

तर यंदा बहिणीचा तो व्हिडिओ आला त्या सकाळी मी चहा तसाच ठेवला आणि एसटी पकडली. आता मी निवृत्त आहे, मला कुठे जायला कुणाला विचारावं लागत नाही. रान पांढरं होतं. बाभळींना कापूस अडकलेला होता. बाप गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला मंगला आली होती, यंदा भाऊबीजेनंतरही राहिली होती, आणि त्याच दुपारी निघणार होती. तिचेही केस पिकलेत. या वेळी ती पहाटे गुपचूप निघाली नाही, जेवून निघाली, आणि कौसाबाई तिच्यामागून चालू लागली. मी त्यांच्या मागे. वाटेत विमल दारात होती, तीही पायांत चप्पल सरकवून आली, मग आणखी तीन-चार जणी.

फाट्यावर चिंचेखाली आम्ही थांबलो. शेषरावच्या जागी कुणी नव्हतं. पिशवी कौसाबाईच्याच हातात होती, त्यात करंज्या आणि वातींसाठी पहिल्या वेचणीचा कापूस. वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. कौसाबाईनं इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. मग माझ्या खांद्याला धरून मला वळवलं, रस्त्याकडे तोंड करून.

“तुमी तिकडे पाहा, बाई,” ती म्हणाली. “एसटी येते का ते.”

एसटी येतच होती. बाया माझ्या मागे सरकल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या. बस थांबली. ड्रायव्हरनं समोर पाहिलं, कंडक्टरनं खाली. मधल्या खिडकीतल्या एका चष्मेवाल्या प्रवाशानं मात्र मान बाहेर काढली आणि फोन वर केला. मी पिशवी घेऊन खिडकीसमोर गेले, आणि दोन्ही हातांनी ती वर धरली. करंज्या खळखळल्या.

“आत घ्या तो,” मी म्हटलं.

“अहो ताई, किती हृदयस्पर्शी आहे हे,” तो म्हणाला.

“म्हणूनच आत घ्या.”

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन आत घेतला. माझे हात भरून आले होते, पण मी पिशवी खाली केली नाही. आणि तेव्हा माझ्या पाठीमागे, आधी घसा खाकरल्यासारखा आणि मग चालीवर, तो आवाज सुरू झाला. “माय वं मायऽ...” मग मंगलाचा. मग मध्येच शेषरावचं नाव आलं, आणि मग बराच वेळ तेच नाव येत राहिलं.

कौसाबाई कशी रडली, ते मला सांगता येणार नाही. मी रस्त्याकडे पाहत होते.